नकाशातली पहिली खाडाखोड

भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावातल्या घरात राहायला गेल्यावर माझ्या मामांनी पहिलं बांधकाम केलं ते ओट्याचं. न्हाणीला दार नव्हतं, चूल पत्र्याच्या आडोशाला होती, पण आधी ओटा. जुन्या गावात पडलेल्या वाड्याचे घडीव दगड बैलगाडीत घालून आणले, वर शहाबादी फरशी टाकली. दोन फूट उंच, सहा फूट लांब. थोड्या दिवसांनी मोजमापाची वही घेऊन एक साहेब आले. नकाशात ओटा नाही, ही जागा रस्त्याची आहे, काढून टाका म्हणाले. मामा म्हणाले, "काढतो की साहेब. तेवढं नकाशात बसायची जागा कुठं हाय ते दावा."

साहेबांनी नकाशा उलगडला, इकडून तिकडून बघितला, पुन्हा घडी घातली. ओटा राहिला.

मी तेव्हा शाळेत होतो. पुढे स्थापत्याचा डिप्लोमा केला, दुसऱ्यांसाठी नकाशे काढून पोट भरलं, आणि त्या ओट्याने एक सवय लावली. कुठलीही नवी वसवलेली वस्ती बघितली की मी आधी तिथल्या लोकांनी राहायला आल्यावर काय मोडलं, काय जोडलं ते शोधतो. युद्धाने पाडलेलं शहर, निर्वासितांची छावणी, ऊसतोडीचा तळ, भूकंपानंतरचं गाव, सगळीकडे हे लागू पडतं. आखणाऱ्याने घरं मोजलेली असतात. घरांच्या मधे जे चालतं ते त्याच्याकडून सुटतं, आणि लोकांचा हात पहिल्यांदा तिथेच जातो.

आपल्याकडून सुरुवात करू. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. लातूर-धाराशिवकडच्या माणसाला ही वेळ पाठ असते. गणपती बोळवून गावं नुकती झोपली होती. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं काही सेकंदांत खाली आली. आकडा कुणाचा धरता त्यावर आहे, पण आठ ते दहा हजार माणसं गेली. भूकंप सहा रिश्टरच्या थोडा वरचा होता. त्या मानाने एवढी माणसं का गेली याचं उत्तर घरांत होतं. दगडमातीच्या दीड-दोन हात जाड भिंती, बाहेरून एक थर, आतून एक थर, मधे भर. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. हादरा बसला की दोन्ही थर फुगून सुटे होतात. त्यावर माळवद, म्हणजे लाकडी फळ्यांवर टाकलेली हातभर माती. दरवर्षी गळतं म्हणून वर आणखी माती. जिथे लाकडी खांब-तुळयांचे खण पक्के होते तिथे भिंती पडूनही माळवद वर राहिलं आणि खालची माणसं वाचली, अशीही घरं होती.

पण त्याच माळवदाचं दुसरं काम कुठल्या पंचनाम्यात आलं नाही. उन्हाळ्यात सगळी आळी माळवदावर झोपायची. कुरडया, पापड, सांडगे तिथेच वाळायचे. घरं एकमेकांना चिकटलेली, त्यामुळे बायका रस्त्यावर न उतरता माळवदावरून चार घरं ओलांडून जायच्या. डोक्यावरचा पदर, सासऱ्यासमोरून जाणं, पुरुष बसलेली ढाळज, म्हणजे वाड्याच्या दारातली बैठकीची जागा, हे सगळं चुकवणारी ती बायकांची वाट होती. खाली ढाळजेत पुरुष, चावडीपुढच्या पारावर म्हातारे, वेशीत पोरं. गल्ली इतकी अरुंद की समोरासमोर दोन बैलगाड्या आल्या तर एकाला मागे जावं लागायचं. मग गाडीवानांची भांडणं व्हायची आणि ती मिटवायला आणखी चार माणसं जमायची.

भूकंपानंतर ५२ गावं दुसऱ्या जागी वसवायचं ठरलं. सरकार, जागतिक बँकेचं कर्ज, देशभरातून आलेल्या संस्था, सगळे लागले. मधल्या काळात लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहिले, उन्हाळ्यात भाजत. मग सिमेंटची घरं आली. कुणाला केवढं घर, याचं माप जमिनीवरून ठरलं. भूमिहीन आणि हेक्टरभरापर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, त्याहून जास्त असलेल्यांना ७५०. आखणी शहरातल्या कॉलनीसारखी. सरळ रेषा, काटकोन, रुंद रस्ते, प्रत्येक घराभोवती मोकळी जागा.

इथे सगळा दोष आखणाऱ्यांवर ढकलणं सोपं आहे, पण ते खरं नाही. रुंद रस्ते आणि सिमेंटचा स्लॅब लोकांनीच मागितला होता. ज्या गल्लीत दोन्ही बाजूंच्या भिंती अंगावर आल्या, ती गल्ली पुन्हा कोण मागेल? आमची आज्जी दगडी भिंतीला पाठ लावून बसायलासुद्धा तयार नव्हती. जुन्या गावाचं फार कौतुक करण्यात अर्थ नाही हेही सांगून टाकतो. त्या प्रेमळ आळ्यांच्या बाहेर, वेशीपलीकडे, दलित वस्ती होती आणि त्यांना ढाळजेत जागा नव्हती. नव्या गावाला हे पुसायची संधी होती. पण एका मापाची घरं एका रांगेत बांधणं ठेकेदाराला सोयीचं असतं. आमच्या आजोळी तेच झालं. ७५० ची रांग वेगळी, २५० ची वेगळी, म्हणजे सातबाराच जमिनीवर काढून ठेवला आणि सातबाऱ्यामागून जात आली. सख्ख्या भावांची खाती वेगवेगळी, म्हणून एका वाड्यातले तिघे तीन टोकांना गेले.

लोकांनी काय केलं? बऱ्याच घरांत सिमेंटच्या खोलीत धान्याची पोती, कडबा आणि खताच्या गोण्या गेल्या. माणसं पुढे पत्र्याचं छप्पर टाकून त्याखाली झोपू लागली. स्लॅब तापतो हे एक कारण, आणि स्लॅब पडेल ही भीती दुसरं. मग कुड, काटेरी कुंपण, साड्यांचे पडदे, असं करत घरापुढे अंगण परत आलं. आणि ओटे. तीस फुटी रस्त्याच्या दोन्ही कडांनी ओटे पुढे सरकत राहिले. आज्जी म्हणायची, "शेजारणीला हाक मारावी तर गळा ताणायलाव, अन् जावं तर चप्पल घालायला लागायलीय." चप्पल घालावी लागणं हे अंतराचं माप मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही, पण ते अचूक आहे. अनवाणी जाता येतं तोवर शेजार. चप्पल घातली की ते जाणं ठरवून झालं, आणि ठरवून माणूस रोज पाच वेळा जात नाही.

आता इथून चार हजार किलोमीटरवर जाऊ. जॉर्डनच्या उत्तरेला, सीरियाच्या सीमेपासून साधारण बारा किलोमीटरवर, जुलै २०१२ मध्ये झातारी नावाची छावणी उघडली. सीरियातलं युद्ध थोड्या दिवसांत मिटेल आणि लोक परत जातील असा हिशोब होता. २०१३ मध्ये तिथे लाखाहून जास्त माणसं होती. नंतर संख्या ८० हजारांच्या आसपास स्थिरावली. जागा सव्वापाच चौरस किलोमीटर. तंबू आणि लोखंडी डबे, म्हणजे चाकं नसलेले कॅरॅव्हॅन, सरळ रांगांत मांडलेले. स्वयंपाकघरं आणि संडास सामाईक, ठरावीक अंतरावर.

आणि खाडाखोड सुरू झाली. लोकांनी कुंपणाचे खांब काढले, त्यांना चाकं लावून गाडा केला आणि कॅरॅव्हॅन त्यावर चढवून हव्या त्या जागी नेले. तीन कॅरॅव्हॅन तीन बाजूंनी लावले की मधे अंगण होतं. सीरियातलं घर अंगणाभोवती असतं. कुणी त्या अंगणात छोटं कारंजंही केलं. सामाईक स्वयंपाकघराचे पत्रे, नळ, विटा हळूहळू घराघरांत गेल्या. सुरुवातीला अधिकाऱ्यांना ही शुद्ध चोरी वाटली. २०१३ मध्ये छावणीचा कारभार बघायला आलेल्या किलियन क्लाइनश्मिट या जर्मन अधिकाऱ्याने त्याकडे वेगळ्या नजरेने बघितलं. माणसं आपलं गाव बांधतायत, त्यांच्याशी बोलून ते नीट बांधू, अशी त्याची दिशा होती. सीरियातल्या एका गावची, एका नात्यातली माणसं डबे ढकलत एकमेकांजवळ आली. मुख्य रस्त्यावर दुकानांची रांग लागली. भाजीपाला, मोबाईल दुरुस्ती, लग्नाचे भाड्याने मिळणारे पोशाख, पक्षी, सगळं. पॅरिसच्या शाँझ-एलिझे या झोकदार रस्त्याच्या नावात 'शाम' हे सीरियाचं अरबी नाव मिसळून लोकांनी त्या धुळीच्या रस्त्याचं बारसं केलं. ज्या वस्तीला स्वतःची थट्टा करावीशी वाटते ती वस्ती जिवंत असते.

झातारीत गोंधळ होता, दादागिरी होती, वीजचोरी होती. म्हणून पुढची छावणी शिस्तीत आखायची ठरली. एप्रिल २०१४ मध्ये अझरक उघडली. लाखावर माणसांच्या हिशोबाने वाळवंटात आखलेली, साडेचौदा चौरस किलोमीटरवर. पक्के पत्र्याचे निवारे, एकसारखे, जागच्या जागी घट्ट, हलवायची सोय नाही. वस्तीचे भाग एकमेकांपासून दूर, मधे ओसाड मैदान. सुरुवातीला बाजार म्हणून एकच मोठं दुकान. आग पसरू नये, भांडण पसरू नये, गाड्या सहज जाव्यात, या सगळ्या दृष्टीने ती छावणी झातारीपेक्षा सरस होती. पण राहणारी माणसं चाळीस हजारांच्या आसपासच. झातारीच्या निम्मी, आणि जागा जवळजवळ तिप्पट. तिथे राहिलेल्यांची तक्रार एकाच सुराची होती की इथे फार शांत आहे. आमच्या आजोळचं नवं गाव आठवून मला ती तक्रार लगेच समजली.

या दोन छावण्यांत फरक पडला तो थोडा अंतराने, आणि त्याहून जास्त हलवता येण्याने. लोकांना चूक दुरुस्त करता आली तर वाईट नकाशाही चालून जातो. दुरुस्तीला जागाच ठेवली नाही तर चांगला नकाशाही लोकांच्या अंगावर येतो.

हे तज्ज्ञांना कळत नाही असं अजिबात नाही. मदतकार्यात जगभर स्फिअर नावाची मानकं वापरतात. त्यात छावणीसाठी माणशी ४५ चौरस मीटर जागा धरतात, रस्ते, बाजार, शाळा सगळं धरून. छताखाली माणशी किमान साडेतीन चौरस मीटर. पाणी ५०० मीटरच्या आत, वीस माणसांमागे एक संडास. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेची आखणी तर खालून वर जाते. आधी कुटुंब. मग १६ कुटुंबांचा एक गट, साधारण ८० माणसं. अशा १६ गटांचा एक विभाग, चार विभागांचं एक क्षेत्र, आणि चार क्षेत्रांची वीस हजारांची छावणी. १६ घरं रांगेत मांडू नका, मधे मोकळी जागा ठेवून तिच्याभोवती मांडा, असा सल्लाही असतो. आपल्या भाषेत सांगायचं तर ८० माणसांना ३६ गुंठे, आणि त्या ३६ गुंठ्यांत एक आळी. फरक छोटा दिसतो. रांगेत तुमचं दार रस्त्याकडे उघडतं आणि रस्त्यावर परका माणूस असतो. मोकळ्या जागेभोवती मांडलेल्या घरांत दार दाराकडे उघडतं. पोर रांगत बाहेर आलं तर पंधरा घरांना दिसतं. नळावरचं भांडण तिथेच सुरू होतं आणि तिथेच मिटतं.

मग कागदावर १६ ची आळी असताना जमिनीवर रांगच का येते? कारण रांगेत पाइप कमी लागतो, टँकर सरळ जातो आणि निवारे मोजायला सोपे पडतात. घाईत असलेला इंजिनिअर रांग काढतो. मीही काढल्यात.

या बाबतीत सगळ्यांत जुना अनुभव बहुधा आपल्या बीड जिल्ह्याकडे असेल. दिवाळी झाली की लाखो माणसं उसाच्या पट्ट्यात निघतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, पाच-सहा महिने कारखान्याच्या तळावर राहतात. म्हणजे दरवर्षी नवं गाव उभं करायचं आणि मोडायचं. बांबू, चटई, पाचट, वर ताडपत्री, झाली कोपी. दोन तासांत उभी राहते. पण कोपी कुठे घालायची हे दोन तासांत ठरत नाही. मी बघितलेल्या एका तळावर एक टोळी संध्याकाळी उतरली. गडी माणूस टायरगाडीचे बैल सोडत होता, तोवर त्याच्या बायकोने पायाने मातीत रेघ ओढली आणि शेजारच्या कोयत्याच्या, म्हणजे ऊसतोडीच्या जोडप्यातल्या, बाईला म्हणाली, "गंगे, तुजं दार हिकडं कर, पोरावर ध्यान राहील." पहाटे चारला दोघी फडात जाणार, पोरं कोपीत झोपलेली राहणार, घरी राहणारी म्हातारी एकच. तिला दोन्ही दारं एका जागेवरून दिसली पाहिजेत. एवढं गणित तिने चपलेच्या टोकाने मांडलं. एका मुकादमाची टोळी एकत्र, त्यात एका गावची एकत्र, बैल मधे किंवा कडेला, चुली वाऱ्याच्या उलट्या बाजूला, कारण पाचट कधी पेट घेईल नेम नाही.

या तळांचं कौतुक करून थांबलो तर ती लबाडी होईल. शेजार बायका जमवतात, संडास आणि नळ त्यांना जमवता येत नाहीत. कित्येक तळांवर आजही अंघोळीला अंधार पडायची वाट बघतात. स्फिअरचा वीस माणसांमागे एक संडास इथे आणून दाखवा म्हटलं तर कुणाकडे उत्तर नाही. जागेची आणि पाण्याची जबाबदारी वरच्याची, दार कुठे उघडायचं ते खालच्याने ठरवायचं. आपण बहुतेक वेळा उलटं करतो. दारं आखून देतो आणि पाणी द्यायचं विसरतो.

युद्धाने पडलेल्या शहरात एक जास्तीची अडचण असते. भूकंपात शेजारी ढिगारा उपसायला धावतो. यादवी युद्धात कधीकधी तोच शेजारी समोरच्या गच्चीवर बंदूक घेऊन असतो. त्यामुळे तिथे नुसतं जवळ आणून भागत नाही. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये १९६९ साली कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांच्या मधे भिंती घातल्या, थोड्या दिवसांसाठी म्हणून. १९९८ मध्ये शांतता करार झाला. २०१३ मध्ये तिथल्या सरकारने दहा वर्षांत सगळ्या भिंती काढू असं जाहीर केलं. ती मुदत उलटून गेली आणि भिंती उभ्याच आहेत. दोन्हीकडची काही माणसं म्हणतात, असू द्या, रात्री झोप लागते.

लेबनॉनची राजधानी बैरूतची गोष्ट मला जास्त टोचते. तिथे १९७५ ते १९९० यादवी युद्ध चाललं. त्याआधी शहराच्या मधोमध जुना बाजार होता. भाजी, सोनं, कापड, बस अड्डा. मुसलमान, ख्रिस्ती, द्रुझ, सगळ्यांची पावलं तिथे पडायची. प्रेमापोटी जात नसत, स्वस्त टोमॅटो तिथे मिळायचा म्हणून जायचे. युद्धाची रेघ नेमकी तिथूनच गेली. १९९४ मध्ये सोलिडेर नावाच्या कंपनीकडे हा भाग बांधायला दिला. पंतप्रधान रफिक हरीरी यांचा तिला पाठिंबा होता. जुन्या मालकांना आणि भाडेकरूंना जागेच्या बदल्यात कंपनीचे शेअर मिळाले. इमारती देखण्या झाल्या, दगड चकचकीत, दुकानं परदेशी. फक्त टोमॅटोवाल्याला परत यायला कारण उरलं नाही आणि त्याच्या गिऱ्हाइकालाही. पुढे ऑक्टोबर २०१९ मध्ये सरकारविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले तेव्हा त्याच भागात तंबू पडले, चहा-कॉफीच्या गाड्या, मक्याच्या कणसांचे गाडे लागले, लोक जमिनीवर बसून चर्चा करू लागले. नकाशावर खाडाखोड व्हायला तिथे पंचवीस वर्षं लागली.

आठवडी बाजार ज्याने बघितलाय त्याला यातला मुद्दा वेगळा सांगावा लागत नाही. एकमेकांवर विश्वास नसलेली माणसंही मिरचीचा भाव विचारायला एका पालाखाली वाकतात. विश्वास आधी आणि बाजार नंतर असा क्रम बहुतेक ठिकाणी नसतो.

छावणीचं गाव होतं, हे मराठवाड्याला परकं नाही. छत्रपती संभाजीनगरचे पुरे बघा. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकीत राजधानी वसवली, जमिनीखालून नहरीने पाणी आणलं. मुघल फौजांनी शहर उद्ध्वस्त केलं, त्याने ते पुन्हा उभं केलं. जमिनीखालचं पाणी शाबूत असलं की शहर परत येतं, असा माझा अंदाज. पुढे औरंगजेबाच्या काळात दख्खनच्या मोहिमांवर आलेल्या सरदारांनी आपापल्या लवाजम्यासह तळ टाकले. जयसिंगपुरा, करणपुरा, पदमपुरा, बेगमपुरा. ५२ पुरे म्हणतात. प्रत्येकाचा आपला बाजार, देवस्थान, पाण्याचा हौद. फौजा गेल्या, राज्यं गेली, पुरे राहिले. करणपुऱ्यात नवरात्राची यात्रा आजही भरते, आणि तिथे पाळण्यात बसणाऱ्या पोराला आपण एका लष्करी तळावर आहोत याचा पत्ता नसतो.

किल्लारीच्या कहाणीतली एक बाजू मात्र कमी सांगितली जाते. ५२ गावं हलवली, पण तेरा जिल्ह्यांतल्या हजाराहून जास्त गावांत घरं जागेवरच दुरुस्त केली, सुमारे दोन लाख. पैसे हप्त्याहप्त्याने थेट घरमालकाच्या बँक खात्यात यायचे आणि काम त्यानेच करवून घ्यायचं. भिंतीत आरपार दगड घाला, कोपरे बांधा, दारावरून सलग सिमेंटचा पट्टा फिरवा, माळवदावरची माती कमी करा. हे घरोघरी समजावायला महिला मंडळातल्या बायका पुढे आल्या. त्यांना संवाद सहायक म्हणायचे. ज्या बाईला ढाळजेत पाऊल टाकायची मुभा नव्हती ती गवंड्याला विचारू लागली की पट्ट्यात सळई किती टाकलीस. या गावांचे फोटो फारसे निघाले नाहीत, कारण बाहेरून ती पूर्वीसारखीच दिसत होती. आळ्या जागेवर, पार जागेवर, शेजार अनवाणी अंतरावर.

मामांच्या ओट्याचं मधे एक झालं. गावातला रस्ता दोनदा सिमेंटचा झाला, आणि दर वेळी आधीचा न उकरता वर नवा थर टाकला. दोन फुटांचा ओटा आता जेमतेम फूटभर उरलाय. म्हाताऱ्या माणसांना त्यावरून उठताना गुडघ्याला हात लावावा लागतो. समोरच्या घरानेही ओटा केलाय, तोही तसाच खचल्यासारखा दिसतो. मधल्या रस्त्यावरून मोठ्याने बोलत दोघांची संध्याकाळ जाते. गेल्या खेपेला गेलो तेव्हा मामा फूटपट्टी मागत होते. जुन्या वाड्याचे दोन दगड अजून गोठ्यामागे पडलेत. सोयाबीनचे पैसे आले की एक थर चढवायचा म्हणतात.